कार्यभार व कार्यशक्ति

विद्यार्थ्यांना उद्योगाचा उपदेश करणारे पुष्कळ भेटतात. आळस हा मनुष्याचा शत्रु आहे, वेळ फुकट दवडूं नये, अंगावर पडलेलें काम टाळूं नये, हें आम्ही वर्गांत प्रतिवर्षीं सांगतों आणि तें सांगणें योग्यच आहे. परंतु या उपदेशाची दुसरी बाजू क्वचितच कोणी सांगतो. काम किती घ्यावें, घेतलेलें काम केव्हां व कोणाच्या हातीं द्यावें, आणि ‘आतां याहून अधिक होणार नाहीं’ असें केव्हां म्हणावें, हेंही एक शिक्षण आहे. तें न मिळाल्यामुळें जें नुकसान होतें तें बहुधा होतकरू व कर्तव्यदक्ष मुलांचेंच होतें. आळशी मनुष्य कामाच्या ओझ्याखालीं दबला असें कोणीं ऐकलें आहे काय? दबतो तो कामाचा माणूस. म्हणून प्रस्तुत लेखांत या विषयाचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१. थकवा आणि क्षीणता

दिवसभर भातलावणी करून शेतकरी सायंकाळीं थकतो. पण पोटभर जेवून रात्रीं गाढ झोप घेतली, कीं पहाटे तो पुन्हा खाचरांत उभा राहतो. हा थकवा निरोगी आहे. श्रमाची ती पावतीच होय. याहून निराळी अशी एक अवस्था आहे. तींत झोप झाली तरी शीण जात नाहीं. ज्या कामाची पूर्वीं आवड होती त्याचाच तिटकारा येऊं लागतो. आणि आपल्या हातून आतां कांहींच धड होत नाहीं, अशी खंत मनास लागून राहते. या अवस्थेस इंग्रजी भाषेंत ‘बर्नआउट’ असें नांव पडलें आहे. समईंतील तेल सरल्यावर वातच जळूं लागते, तसें मनुष्याचें होतें, एवढा त्याचा भावार्थ आहे.

हा शब्द या अर्थानें शास्त्रीय लेखनांत रूढ केला तो न्यूयॉर्क येथील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर यांनीं, १९७४ सालीं. गोरगरिबांसाठीं चालविलेल्या मोफत दवाखान्यांत स्वयंसेवा करणाऱ्या माणसांची स्थिति त्यांनीं पाहिली, आणि स्वतःवरही तिचा अनुभव घेतला. हे लोक पैशासाठीं राबणारे नव्हते. ध्येयानें प्रेरित होऊन ते आले होते, आणि म्हणूनच ‘पुरे’ हा शब्द त्यांच्या तोंडून निघत नव्हता. पुढें क्रिस्टिना मॅस्लाक या विदुषीनें १९८१ सालीं ही क्षीणता मोजण्याची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. २०१९ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तींत तिची व्याख्या दिली. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाल चाललेला व न आवरलेला ताण हें तिचें कारण, आणि शक्तिपात, कामाविषयीं दुरावा किंवा कडवटपणा व कार्यक्षमतेचा ऱ्हास हीं तिचीं तीन लक्षणें, असें तेथें सांगितलें आहे. ही स्थिति स्वतः रोग नसून कामांतून उद्भवणारी आहे, हेंही संघटनेनें स्पष्ट केलें आहे.

यांतील दुसरें लक्षण विद्यार्थ्यांनीं विशेष ध्यानीं धरावें. जो मुलगा कालपर्यंत हंसतमुख होता तो आज प्रत्येक गोष्टीस तिरकस उत्तर देऊं लागला, तर आपण त्याचा स्वभाव बिघडला असें म्हणून मोकळे होतों. कदाचित् त्याचा स्वभाव बिघडला नसेल. त्याचें तेल सरलें असेल.

२. सांडव्याचा धडा

आमच्या मुळशी तालुक्यांत या विषयावर विचार करावयास लावणारें एक मोठें उदाहरण नित्य डोळ्यांसमोर आहे. टाटा कंपनीनें १९२० नंतरच्या दशकांत मुळा नदीवर बांधलेलें धरण सर्वांनीं पाहिलें आहे. या धरणासाठीं ज्यांचीं शेतें व घरें पाण्याखालीं जावयाचीं होतीं त्या मावळ्यांनीं १९२१ सालीं सत्याग्रह आरंभिला व सेनापति बापट यांनीं त्याचें नेतृत्व केलें. तें दुःख विसरून आम्ही हें उदाहरण घेत नाहीं. येथें केवळ बांधकामाची एक गोष्ट पाहावयाची आहे.

सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारें पावसाचें पाणी या जलाशयांत सांठतें. तें डोंगराच्या पोटांतून पश्चिमेस नेऊन कोंकणांत भिरा येथें खालीं सोडतात व त्याच्या जोरावर वीज उत्पन्न करितात. म्हणजे पाणी सांठविणें हाच या धरणाचा हेतु आहे. तरीही बांधणारांनीं त्यास सांडवा ठेविला. पावसाळ्यांत जलाशय भरत आला, कीं जास्तीचें पाणी मुळेच्या पात्रांत सोडतात आणि नदीकांठच्या लोकांस आधीं सूचना देतात. यांत धरणाचा दुबळेपणा आहे असें कोणी मानीत नाहीं. येईल तेवढें सारें पाणी अडवूं असें म्हणणारा स्थपति शूर न ठरतां मूर्ख ठरेल.

धरण फुटलें तर हानि भिंतीपुरती राहत नाहीं. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें. त्याचें काम अपुरें असतांच पावसाळ्याचें पाणी त्यांत सांठलें होतें. त्या दिवशीं पुणें शहराचा नदीकांठ बुडाला, आणि ज्यांचा बांधकामाशीं कांहींएक संबंध नव्हता अशा हजारों कुटुंबांचे संसार उघडे पडले. मनुष्याचेंही असेंच आहे. ‘माझा देह आहे, मी झिजवीन’ असें तो म्हणतो. पण तो कोसळला म्हणजे त्याची बायकामुलें, त्याचे विद्यार्थी, त्याचे रोगी, त्याच्या भरंवशावर राहिलेले सर्वच उघडे पडतात. तेव्हां आपली शक्ति मर्यादित आहे हें ओळखणें केवळ स्वतःच्या सुखाचा प्रश्न नव्हे. तें इतरांप्रतीं आपलें कर्तव्य आहे.

३. नामदार गोखले

धरणावरून आतां आपण माणसांकडे वळूं. अतिकार्यभाराचें महाराष्ट्रांतील अत्यंत थोर आणि तितकेंच हृदयद्रावक उदाहरण म्हणजे नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचें होय. त्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील कोतळूक येथें झाला. १८८४ सालीं पदवीधर झाल्यावर ते पुण्यास न्यू इंग्लिश स्कूलमध्यें शिक्षक झाले, आणि पुढें फर्ग्युसन कॉलेजांत त्यांनीं गणित, इंग्रजी, इतिहास व अर्थशास्त्र असे निरनिराळे विषय शिकविले. हें एकच काम एका मनुष्यास पुरेसें होतें. परंतु त्याच काळांत सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचें संपादन, आगरकरांच्या ‘सुधारक’ पत्राच्या इंग्रजी भागाचें लेखन, कॉलेजच्या इमारतीसाठीं सुटीच्या दिवसांत गांवोगांव हिंडून वर्गणी जमविणें, आणि १८९५ सालीं पुण्यास भरलेल्या राष्ट्रीय सभेची चिटणिशी, हीं सर्व कामें त्यांच्या खांद्यावर आलीं. वय तिशीच्या आंत होतें.

१९०२ सालीं ते कॉलेजांतून निवृत्त झाले. पण ती निवृत्ति नांवाचीच होती. वरिष्ठ कायदेकौन्सिलांत अंदाजपत्रकावर त्यांचीं जीं भाषणें होत त्यांसाठीं ते आंकड्यांचा डोंगर उपशीत असत. १९०५ सालीं त्यांनीं भारत सेवक समाज स्थापिला. त्याच सालीं ते इंग्लंडास गेले, आणि त्याच सालच्या अखेरीस बनारसच्या राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष झाले. १९११ सालीं त्यांनीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें करण्याचें बिल मांडिलें व १९१२ सालीं तें नामंजूर झालें. त्याच वर्षीं दक्षिण आफ्रिकेंतील हिंदी लोकांचे हाल पाहण्यासाठीं ते तिकडे गेले, आणि सरकारी नोकऱ्यांविषयींच्या रॉयल कमिशनचे सभासद झाले. मधुमेहानें शरीर पोखरलेलें असतां हा सर्व प्रवास व अभ्यास चालू होता.

महात्मा गांधींनीं आपल्या आत्मचरित्रांत एक लहानशी गोष्ट सांगितली आहे. १९०१ सालच्या कलकत्त्याच्या राष्ट्रीय सभेनंतर ते सुमारें एक महिना गोखल्यांकडे राहिले होते. गोखले कधीं फिरावयास जात नाहींत व वरचेवर आजारी असतात, हें पाहून गांधींनीं त्यांस याविषयीं विचारिलें. फिरावयास आपणांस वेळ केव्हां मिळतो तें तुम्हींच पाहा, अशा अर्थाचें उत्तर गोखल्यांनीं दिलें. गांधींचें त्या उत्तरानें समाधान झालें नाहीं. परंतु आदरामुळें त्यांनीं वाद घातला नाहीं. हें उत्तर आम्हांस अगदीं परिचित वाटतें. प्रत्येक कार्यमग्न माणूस हेंच उत्तर देतो, आणि तें खरें असतें. म्हणूनच तें धोक्याचें असतें.

१९१४ सालीं प्रकृतीसाठीं गोखले फ्रान्समध्यें गेले असतां महायुद्ध पेटलें व ते कांहीं काळ पॅरिसला अडकून पडले. १९१५ च्या आरंभीं गांधी पुण्यास आले, तेव्हां भारत सेवक समाजाच्या वाड्यांत त्यांच्यासाठीं मित्रमंडळी जमविली होती. गोखले कसेबसे तेथवर आले व मूर्च्छा येऊन पडले. शुद्धीवर येतांच त्यांनीं निरोप पाठविला, कीं माझ्यासाठीं कार्यक्रम थांबवूं नका. त्याच महिन्यांत, १९ फेब्रुवारी १९१५ रोजीं, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं ते निवर्तले. रॉयल कमिशनचा अहवाल अद्याप पुरा व्हावयाचा होता.

येथें एक सावधगिरी घेतली पाहिजे. मधुमेहावरील इन्शुलिन हें औषध १९२१ सालीं शोधिलें गेलें. तेव्हां गोखल्यांच्या काळीं वैद्यकशास्त्र त्या रोगापुढें हतबल होतें. केवळ अतिश्रमांनीं त्यांचा अंत झाला असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. त्यांस दोष देण्याचाही आमचा हेतु नाहीं. ज्यानें देशासाठीं देह झिजविला त्यास आपण दोष काय द्यावा? तरी त्यांच्या चरित्रांतून एक प्रश्न उठल्यावांचून राहत नाहीं. जें काम इतरांनाही करतां आलें असतें तें त्यांच्याकडे जाऊं देणाऱ्या समाजाची यांत कांहीं जबाबदारी नव्हती काय? कर्ता मनुष्य दिसला, कीं सर्वांनीं आपापलें गांठोडें त्याच्याच डोकीवर ठेवावें, ही आपली जुनी खोड आहे.

आणखी एक गोष्ट या चरित्रांत आहे, ती उमेद देणारी आहे. गोखल्यांनीं मांडलेलें शिक्षणाचें बिल पडलें. पण त्याचा हेतु मेला नाहीं. २००९ सालीं बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क सांगणारा कायदा संसदेनें केला व १ एप्रिल २०१० पासून तो अमलांत आला. शंभर वर्षांनीं दुसऱ्याच हातांनीं तें काम पुढें नेलें. कार्य हें कोणा एका मनुष्याच्या आयुष्याहून लांब असतें. हें ज्यास उमगलें त्यास सर्व कांहीं आजच व आपल्याच हातून झालें पाहिजे असा घोर लागत नाहीं.

४. महर्षि कर्वे आणि काम वांटण्याची कला

गोखल्यांच्याच पिढींतील दुसरें चरित्र धोंडो केशव कर्वे यांचें. ते १८५८ सालीं जन्मले, म्हणजे गोखल्यांहून आठ वर्षांनीं वडील. १८९१ सालीं गोखल्यांच्याच बोलावण्यावरून ते मुंबईहून येऊन फर्ग्युसन कॉलेजांत गणिताचे अध्यापक झाले व १९१४ पर्यंत ती जागा त्यांनीं सांभाळिली. १८९६ सालीं त्यांनीं विधवांसाठीं अनाथ बालिकाश्रमाची संस्था काढिली. पुढें आश्रम हिंगण्यास गेला, तेव्हां दिवसभर वर्गांत शिकवून सायंकाळीं चिखल तुडवीत पायीं तेथें जावें, हा त्यांचा नेम असे. तेव्हां कर्व्यांनीं कमी कष्ट केले असें कोणासही म्हणतां येणार नाहीं.

परंतु त्यांच्या कार्यपद्धतींत एक विशेष दिसून येतो. ते एक संस्था उभी करीत, ती चालविणारीं माणसें जमवीत, आणि मग पुढच्या कामास हात घालीत. आश्रमास त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले यांच्यासारखी कार्यकर्ती लाभली. वर्गणीसाठीं त्या अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. १९०८ सालीं कर्व्यांनीं निष्काम कर्ममठ स्थापिला, तो कार्यकर्ते घडविण्याकरितांच. मगच १९१६ सालीं महिला विद्यापीठ निघालें. संस्था उभ्या राहिल्या त्या त्यांच्या एकट्याच्या खांद्यावर राहिल्या नाहींत. म्हणून सत्तरी ओलांडल्यावर ते विद्यापीठासाठीं परदेशचा प्रवास करूं शकले, आणि मागें विद्यापीठ चालू राहिलें. १९५८ सालीं वयाच्या शंभराव्या वर्षीं त्यांस भारतरत्न ही पदवी मिळाली व ९ नोव्हेंबर १९६२ रोजीं, एकशेंचार वर्षांचे होऊन, ते वारले.

दीर्घायुष्य हें काम वांटून दिल्याचें बक्षीस आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. आयुष्य परमेश्वराच्या हातीं आहे. भारत सेवक समाजाच्या सभासदांस पांच वर्षें शिक्षण देण्याचा नियम करून गोखल्यांनींही कार्यकर्ते घडविलेच होते, आणि म्हणूनच त्यांच्या मागें श्रीनिवास शास्त्री यांच्या अध्यक्षतेखालीं समाजाचें कार्य चालू राहिलें. दोघांच्याही चरित्रांत जें टिकलें तें दुसऱ्याच्या हातीं दिलेलें काम होय.

हें ज्ञान नवें नाहीं. पवित्र शास्त्रांत निर्गमाच्या पुस्तकांत मोशेची कथा आहे. तो सकाळपासून सायंकाळपर्यंत एकटाच लोकांचे तंटे तोडीत बसे. त्याचा सासरा इथ्रो हा भेटीस आला; त्यानें हें पाहिलें व जांवयाची स्तुति न करितां त्यास सांगितलें, कीं ही रीत बरी नाहीं; यानें तूंही क्षीण होशील आणि हे लोकही. मग त्यानें उपाय सुचविला. लायक माणसें निवडून हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर व दहांवर नायक नेमावे. लहान गोष्टी त्यांनीं निकालांत काढाव्या व कठीण तेवढ्या मोशेकडे आणाव्या. या कथेंत दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. एक, दोष बाहेरून आलेल्या वडील माणसास दिसला. कामांत बुडालेल्यास तो दिसला नव्हता. दुसरी, रांगेंत ताटकळणाऱ्या लोकांचाही इथ्रोनें विचार केला. एकट्यानें सर्व करण्यानें लोकांची सेवा होते असा आपला समज असतो. वस्तुतः त्यांची खोटीच होते.

५. ओझें घालणारांचें कर्तव्य

आतांपर्यंत आम्हीं अशा माणसांविषयीं लिहिलें, कीं ज्यांस ‘नाहीं’ म्हणण्याची थोडीबहुत तरी मोकळीक होती. परंतु पुष्कळांस ती नसते. त्यांस ‘विश्रांति घ्या’ असा नुसता उपदेश करणें म्हणजे थट्टाच होय.

मुंबईच्या गिरणीकामगारांस एके काळीं आठवड्याची ठराविक सुटी नव्हती. जोतीराव फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं कामगारांची सभा भरवून हें गाऱ्हाणें मांडिलें व सुमारें साडेपांच हजार सह्यांचा अर्ज केला. सहा वर्षें ही खटपट चालली. १८९० च्या एप्रिलांत सुमारें दहा हजार कामगारांची सभा झाली, तींत दोन स्त्रियाही बोलल्या. आणि १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांच्या संघानें रविवारची सुटी मान्य केली. आज शाळेची घंटा रविवारीं वाजत नाहीं हें आपणांस सहज वाटतें. पण गिरणींतील मजुराचा रविवार कोणीतरी झगडून मिळविलेला आहे.

आजची स्थिति पाहूं. आमच्याच तालुक्यांत हिंजवडी येथें संगणकाच्या उद्योगांची मोठी वसाहत उभी आहे. जेथें पूर्वीं शेतें होतीं तेथें आतां कांचेच्या इमारतींतून रात्रीं उशिरापर्यंत दिवे जळतात. तेथील तरुण मातींत राबत नाहीं, घामानें भिजत नाहीं. म्हणून त्यास श्रम नाहींत असें घरच्या वडील मंडळींस वाटतें. पण काम घरीं येऊन खिशांतल्या फोनमध्यें बसलें, तर दिवस संपला असें केव्हां म्हणावयाचें? जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय मजूर संघटना यांनीं २०२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाप्रमाणें, आठवड्यास ५५ तास किंवा अधिक काम करणारांस ३५ ते ४० तास काम करणारांपेक्षां पक्षाघाताचा धोका सुमारें ३५ टक्के व हृदयविकारानें मृत्यु येण्याचा धोका सुमारें १७ टक्के अधिक असतो. दीर्घ तासांमुळें २०१६ या एका वर्षांत जगांत सुमारें ७,४५,००० माणसें या दोन विकारांनीं दगावलीं, असा त्या अभ्यासाचा अंदाज आहे.

घरांतील ओझें तर कोणी मोजीतच नसे. २०१९ सालच्या भारत सरकारच्या वेळेच्या पाहणींत असें आढळलें, कीं घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्या बिनपगारी कामांत दिवसास सरासरी २९९ मिनिटें घालवितात. घरकामांत भाग घेणाऱ्या पुरुषांचीं मिनिटें ९७ भरतात. मुलगी शाळेंतून येते तीही पुष्कळदा या २९९ मिनिटांतील वाटा उचलते, आणि तिचा भाऊ क्रिकेटास जातो. परीक्षेंत ती मागें पडली तर तिच्या बुद्धीस बोल लावण्यापूर्वीं तिच्या आईबापांनीं हीं मिनिटें मोजावीं.

तेव्हां वहाणाऱ्याचें जसें कर्तव्य आहे, तसेंच ओझें घालणाऱ्याचेंही आहे. त्यांत आम्ही शिक्षकही आलोंच. वर्गांत एक मुलगा चलाख निघाला, कीं वर्गाचा प्रमुख तो, संमेलनाचा चिटणीस तो, नाटकांत राजा तो, आणि फळ्यावर सुविचार लिहिणाराही तोच! बाकीचे चाळीस हात रिकामे राहतात व एक जोडी झिजते. यानें दोन्हींकडून नुकसान होतें. चलाख मुलाचा अभ्यास बुडतो, आणि इतरांस आपणही कांहीं करूं शकतों हें कळण्याची संधीच मिळत नाहीं.

६. विद्यार्थ्यांनीं काय करावें

पहिली गोष्ट, आपल्या अंगावर काय काय आहे तें एका कागदावर लिहून काढावें. डोक्यांत कामांची गर्दी असली म्हणजे चार कामेंही चाळीस वाटतात, आणि कधीं कधीं चाळीस असूनही चारच वाटतात. कागद खोटें बोलत नाहीं.

दुसरी गोष्ट, नवें काम घेण्यापूर्वीं ‘याच्यासाठीं कोणतें सोडूं?’ असें स्वतःस विचारावें. दिवसाचे तास कोणाच्याही उत्साहानें वाढत नाहींत. उत्तर सांपडत नसेल तर नम्रपणें नकार द्यावा. ‘हें काम मला आवडतें, पण मी तें घेतलें तर धड होणार नाहीं’ हें वाक्य उद्धटपणाचें नव्हे. दिलेला शब्द पाळतां यावा म्हणूनच तें उच्चारावयाचें असतें. सर्वांस होकार देणाऱ्याचें काम शेवटीं ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ या म्हणीप्रमाणें होतें, व ज्यांस होकार दिला तेच निराश होतात.

तिसरी गोष्ट, काम सोंपवावयाचें तर तें चांगलें चाललें असतांच सोंपवावें. मोडकळीस आल्यावर दुसऱ्याच्या गळ्यांत घालणें म्हणजे सोंपविणें नव्हे. ज्यास काम दिलें त्यास अधिकारही द्यावा. तो आपल्या रीतीनें करील, कदाचित् थोडें कमी नीट करील, तें सोसावें. ‘माझ्यासारखें कोणासच जमत नाहीं’ हें वाक्य मनांत आलें, कीं सावध व्हावें. पुष्कळदा तो कर्तव्याच्या वेषांत आलेला अहंकार असतो.

चवथी गोष्ट, झोप, खेळ व आठवड्याचा एक मोकळा दिवस यांस चैन समजूं नये. शेतकरी डोंगरउतारावरील जमिनींतून कांहीं वर्षें नाचणी, वरी अशीं पिकें घेतो व मग ती पड ठेवितो. पड जमीन आळशी झाली असें तो म्हणत नाहीं.

पांचवी व अत्यंत महत्त्वाची गोष्ट. वर सांगितलेलीं तीन लक्षणें आपल्या ठिकाणीं आठवडेच्या आठवडे टिकून राहिलीं, तर तीं लपवूं नयेत. आईबापांस, शिक्षकांस किंवा एखाद्या विश्वासू वडील माणसास सांगावें, आणि जरूर तर वैद्याकडे जावें; कारण असा शीण पंडुरोगानें, मधुमेहानें किंवा मनाच्या खिन्नतेच्या विकारानेंही येतो, आणि त्यांवर उपचार आहेत. मनाच्या त्रासासाठीं भारत सरकारनें २०२२ सालीं ‘टेलिमानस’ ही दूरध्वनीची सोय केली आहे. १४४१६ या क्रमांकावर बोलावयास पैसे पडत नाहींत. जीव नकोसा वाटण्यापर्यंत मजल गेली असेल तर एक तासही वाट पाहूं नये. पाय मोडला असतां आपण लाजेनें घरांत लपून बसत नाहीं; मन मोडलें असतां कां बसावें?

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं जे उद्यां शिक्षक, परिचारिका, अभियंते, आई, बाप, गांवचे पंच होतील, त्यांच्याकडे लोक आपोआप काम घेऊन येतील. कर्तबगारीचा वास लोकांस लवकर लागतो. तें काम आनंदानें घ्या. पण घेतांनाच आपल्या शेजारीं कोण उभा आहे तें पाहा, आणि त्यास एक टोंक धरावयास सांगा. ओझें हलकें होईल. शिवाय तुम्ही नसाल त्या दिवशीं तें जमिनीवर पडणार नाहीं.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. थकवा व क्षीणता यांतील भेद तुमच्या घरांतील किंवा शेतांतील एक उदाहरण देऊन स्पष्ट करा.
२. गोखले व कर्वे यांच्या कार्यपद्धतींत तुम्हांस कोणतें साम्य व कोणता भेद दिसतो?
३. तुमच्या वर्गांतील सर्व जबाबदाऱ्यांची यादी करा. त्या किती विद्यार्थ्यांत वांटल्या आहेत? त्यांची नवी वांटणी सुचवा.
४. तुमच्या घरीं एका दिवसांत कोण किती वेळ घरकाम करतो तें मोजून तक्ता करा, आणि तो घरच्या मंडळींस दाखवा.